मध्यरात्र खोटी कशी?

पायथॉन या संगणकभाषेत बरीच वर्षे एक चमत्कारिक नियम होता: दिवसातली इतर प्रत्येक वेळ 'खरी', रात्रीचे बरोबर बारा मात्र 'खोटे'. वेळ नोंदवली आहे का, असे प्रोग्रामने तपासले की नेमके बारा वाजताच्या नोंदीला उत्तर 'नाही' यायचे. २०१२ साली तक्रार आली, तेव्हा हे वर्तन माहितीपत्रात लिहिलेलेच आहे, सबब दोष नाही, असे ठरले. २०१४ मध्ये वाद पुन्हा पेटला आणि २०१५ च्या ३.५ आवृत्तीत नियम बदलला. प्रश्न जुनाच आहे: शब्द आणि अनुभव भांडले, तर प्रमाण कोण?

शब्दाचा पक्ष पोकळ नाही. लिखित नियमाच्या भरवशावर लोक प्रोग्राम लिहितात. ज्याच्या त्याच्या अपेक्षेप्रमाणे भाषा बदलत गेली तर तिच्यावर कोण विसंबेल? पण शब्दाचा अधिकार त्याच्या विषयापुरता असतो. शंकराचार्यांनी गीताभाष्यात श्रुतीलाही ही मर्यादा घातली: अग्नी थंड ठरवणे तिच्याही हाती नाही. पायथॉनच्या नियमात 'शून्य वाजले', म्हणजे मध्यरात्र झाली, आणि 'काहीच नाही' यांची गल्लत झाली होती. ती लिहून ठेवल्याने जाहीर झाली, योग्य ठरली नाही. दोष नोंदवणारा म्हणूनच शास्त्रद्रोही नव्हे. शास्त्राचे प्रयोजन तोच जपतो.