कापलेला पैसा आणि दिलेला पैसा

पगारपत्रकात कपातीचा एक रकाना असतो. भविष्य निर्वाह निधी, गटविमा, पतसंस्थेचा हप्ता, व्यवसाय कर. कधीमधी त्यात आणखी एक आकडा येऊन बसतो : मदतनिधीसाठी एक दिवसाचे वेतन. हा पैसा हातात येण्याआधीच गेलेला असतो. मग तो आपण दिला, की आपल्याकडून घेतला गेला? त्याला सदका म्हणायचे की कर?

प्रश्न किरकोळ नाही. आपल्या धर्मात कृतीचे मोल निय्यतीवर ठरते. आणि निय्यत करायला माणसाला निदान विचारले तरी गेले पाहिजे.

व्यवसाय कराचेच उदाहरण घ्या. महाराष्ट्रात 1975 साली त्याचा कायदा झाला, तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. दुष्काळी रानात खडी फोडणाऱ्या मजुराच्या हाताला काम मिळावे, यासाठी पगारदाराने दरमहा थोडे द्यावे, असा तो विचार होता. आज बहुतेकांचे महिन्याला 200 रुपये त्यात जातात. कोणी कुरकुरत नाही आणि कोणी त्याचे पुण्यही मागत नाही. हे योग्यच आहे. कायद्याने घेतले ते कर्तव्य झाले.

अडचण होते ती मधल्या जागेत. नाव ऐच्छिक, पण ‘नाही’ म्हणायची सोय नाही. केरळात 2018 च्या महापुरानंतर सरकारने कर्मचाऱ्यांना एक महिन्याचा पगार देण्याचे आवाहन केले. ज्यांना द्यायचे नसेल त्यांनी तसे लेखी कळवावे, अशी अट घातली. तेथील उच्च न्यायालयाने या अटीला स्थगिती दिली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. जो देऊ शकत नाही, त्याने आपली असमर्थता कागदावर लिहून का द्यावी? हा सवाल कायद्याचा आहे, त्याहून अधिक गैरतीचा आहे.

आपल्याकडच्या शिक्षकांच्या खोलीत असा कागद लागत नाही. तिथे यादी फिरते. नाव, रक्कम, सही. वरच्याने 500 लिहिले की खालच्याचा हात 100 लिहिताना थांबतो. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचे मानधन 2023 पासून 16,000 रुपये आहे. त्याचा एक दिवस म्हणजे साधारण 530 रुपये. 75,000 पगार घेणाऱ्या ज्येष्ठ शिक्षकाचा एक दिवस 2,500 रुपयांचा. हिशेबाने दोघांनी सारखाच वाटा दिला. पण एकाच्या बचतीतून गेले, दुसऱ्याच्या किराण्यातून. यादीवर हा फरक दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, रुग्णाला तुमच्या निय्यतीशी काय देणेघेणे? राजीखुशीने दिलेल्या पैशाची लस आणि नाइलाजाने दिलेल्या पैशाची लस, दोन्ही सारखेच काम करतात. हा आक्षेप भक्कम आहे, तो टाळून पुढे जाता येणार नाही. औषधाला निय्यत कळत नाही, हे खरेच. पण माणसाला कळते. मनाविरुद्ध कापलेला पैसा मनात अढी ठेवून जातो, आणि ती अढी साहेबावर निघत नाही, गरिबावर निघते. ‘यांच्यासाठी आमचा पगार कापतात’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. एकदा हे मनात बसले, की पुढच्या वेळी खऱ्या गरजूसाठीही हात खिशात जात नाही.

दुसरी गोष्ट. यादी फिरते ती संकटाची बातमी आल्यावरच. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसे गेली. तेव्हा चहूकडून मदत धावली, ती धावायलाच हवी होती. पण याच डोंगरपट्ट्यात दर पावसाळ्यात भातखाचरात वाकलेल्या एखाद्या बाईला घोणस चावते, त्याची यादी निघत नाही. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत सर्पदंशावर उपचार आणि गावोगाव जागृती वर्षानुवर्षे करीत आले आहेत. तिथलेच पद्मश्री डॉ. मनोहर डोळे यांनी नेत्ररुग्णालय उभारून आदिवासी वाड्यांतल्या म्हाताऱ्यांच्या मोतीबिंदूचे काम हाती घेतले. अशा कामांना एका दिवसाच्या उमाळ्यापेक्षा बारा महिन्यांचा थोडा थोडा पैसा अधिक उपयोगी पडतो. थोडे असले तरी नेमाने केलेले काम अल्लाहला प्रिय, ही शिकवण आपल्याला घरातच मिळालेली आहे.

काही जण विचारतील, जकात असताना हे वेगळे कशाला? जकातीचा हिशेब वेगळा, तिचे हक्कदार ठरलेले. ती या वर्गणीत मिसळू नये. सदक्याला मात्र असे कुंपण नाही. खाटेवरच्या रुग्णाचे नाव-गाव न विचारता तो देता येतो. आणि रुग्णालय नीट चालवणे ही सरकारची जबाबदारी आहे, ती आपल्या वर्गणीने माफ होत नाही, हेही ध्यानात असावे.

तेव्हा पगारातून देण्याची रीत वाईट नाही. उलट सर्वांत सोपी आहे. चाळीस शिक्षकांनी महिना 50 रुपये दिले तर वर्षाचे 24,000 होतात. पण त्यासाठी काही गोष्टी पाळाव्यात. संमती आधी घ्यावी, आणि ती मुख्याध्यापकाने किंवा केंद्रप्रमुखाने घेऊ नये; ज्याच्या हातात आपला गोपनीय अहवाल नाही अशा सहकाऱ्याने घ्यावी. कोणी किती दिले हे जाहीर होऊ नये, एकूण रक्कम तेवढी फळ्यावर लिहावी. संस्था कोणती ते सर्वांनी मिळून ठरवावे आणि वर्षाअखेर तिच्याकडे हिशेब मागावा. ज्याला थांबायचे असेल त्याने एका शब्दाने थांबावे, कारण विचारू नये.

असे केल्याने सुरुवातीला पैसे कमी जमतील, हे उघड आहे. जमू द्यावेत. जो आज ‘नाही’ म्हणाला त्याच्या घरात कदाचित आईचे डायलिसिस चालू असेल. तोही आपल्या परीने एका रुग्णाचा खर्च उचलतोच आहे, आणि त्याची नोंद कुठल्याही यादीत नाही.