धाव आणि शर्यत

हल्ली वारीच्या वाटेवर पुण्या-मुंबईची पुष्कळ तरुण मंडळी आमच्याबरोबर चालतात. कोणी कारखान्यात असतो, कोणी संगणकाच्या कचेरीत. दोन मुक्काम झाले की त्यांतला एखादा हळूच विचारतो, "महाराज, ही नोकरीची ओढाताण आता सोसत नाही. सगळे टाकून भजनी लागावे का?" प्रश्न एकाचा नाही, अनेकांचा आहे. म्हणून आज त्याचा थोडा विचार करू.

प्रथम हे ध्यानात घ्या, की आमच्या संतांनी काम टाकले नाही. सावतोबा अरणला मळा पिकवीत, गोरोबाकाका तेरला मडकी घडवीत, नरहरी सोनारकाम करीत, सेना महाराज हजामत करीत. काम त्यांना बाधले नाही. मग आम्हालाच का बाधते? कारण आमच्या कामात चढाओढ शिरली आहे. कामाला शेवट असतो. मळ्याला पाणी दिले, दिवस मावळला, मोट सुटली. चढाओढीला दिवस मावळणेच नाही. शेजारच्या मेजावरच्याला बढती मिळाली, की कालपर्यंत गोड लागणारी भाकर आज कडू होते. पगार तोच, घर तेच, पण सुख गेले. ते कोणी चोरून नेले नाही. आपणच ते दुसऱ्याच्या मापाने मोजले.

गोरोबाकाकांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. चिखल तुडविताना नामाची तंद्री लागली आणि रांगते मूल पायाखाली गेले. ऐकताना डोळ्याला पदर लागतो. पण बाबांनो, जरा आपल्या पायाखाली पाहा की! बाप रात्री दहाला घरी येतो तेव्हा मूल झोपलेले, सकाळी निघतो तेव्हाही झोपलेले. रविवारी ते जवळ येते, तर बापाच्या हातात फोन. गोरोबांची तंद्री विठ्ठलाची होती. विठ्ठलाने ते मूल परत दिले, अशी कथा आहे. आमची तंद्री टार्गेटाची. टार्गेट कधी कोणाचे मूल परत देते काय? मुलाचे बालपण एकदा तुडविले गेले, की गेले.

देहाचेही तेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली हिशेब मांडला आहे. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या मानाने, ५५ तास किंवा अधिक राबणाऱ्याला पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका सुमारे १७ टक्के जास्त. नरदेह दुर्लभ म्हणायचे आणि तो असा जाळायचा, हा कुठला परमार्थ?

यावर कोणी म्हणेल, "महाराज, तुम्हाला बोलायला काय जाते? हप्ते कोण भरणार? बारा तास उभा राहिलो नाही तर ठेकेदार उद्या दुसरा आणील." खरे आहे. पोटासाठी जो धावतो त्याला आम्ही उपदेश करीत नाही; त्याच्या बाजूने उभे राहावे, हेच आपले काम. मुंबईच्या गिरणी कामगारांना एके काळी आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र करून वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा १८९० साली रविवार मोकळा झाला. इतक्या कष्टाने मिळालेला तो विसावा आपण आज फोनच्या एका घंटेवर परत देऊन टाकतो. आणि हप्ता गरजेचा आहे, की शेजाऱ्याच्या मोटारीपुढे मोठी मोटार उभी करण्याचा, हे ज्याचे त्याने विठ्ठलाला साक्षी ठेवून तपासावे.

आता दिंडीकडे पाहा. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या, मागे आणखी कितीतरी. प्रत्येकीचा क्रम ठरलेला. मागची दिंडी पुढचीला मागे टाकायला बघत नाही. साहेब असो की शिपाई, हाक एकच, "माउली". आणि दोघे एकमेकांच्या पाया पडतात. वेळापूरजवळ धावा होतो. पंढरीच्या ओढीने म्हातारेकोतारेही उतारावरून धावत सुटतात. पण पहिला कोण आला, हे तिथे कोणी विचारीत नाही. जो पडला त्याला हात देऊन उठवितात. तेव्हा मंडळी, धावणे वाईट नाही. आवडत्याच्या भेटीसाठी धावलो तर ती धाव. शेजारी मागे पडावा म्हणून धावलो तर ती शर्यत. शर्यत सोडायची आहे.

मग करावे काय? पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता, तोच दारात देव आला. त्याने वीट भिरकावली आणि थांबायला सांगितले. देव थांबला, अजून उभा आहे. ज्याने देवाला थांबविले त्याचे नाव आपण रोज घेतो, आणि साहेबाच्या रात्रीच्या फोनला "सकाळी बघतो" म्हणायला आपल्याला धीर होत नाही! रोज सांजेला अर्धा तास फोन दूर ठेवून पोराबाळांसह हरिपाठाला बसा. महिन्याच्या दोन एकादशांना कामावर जा, पण होईल तोवर जादा काम अंगावर घेऊ नका. वारीची रजा आधीच मागून ठेवा. आणि पोराचा निकाल लागला की शेजारच्या पोराला किती मिळाले, हे विचारू नका. शर्यतीचे बी तिथेच पेरले जाते. एवढे साधले तर नोकरी सोडावी लागणार नाही, तिची पकड मात्र ढिली होईल.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!