दोतोरापासून उपास लपवू नका



सर्व गुरुबंधू-भगिनींनो, या गुरुवारी नामस्मरणावरचा पुढचा भाग देणार होतो. तो पुढच्या वेळी. आज एका काकीची गोष्ट सांगायची आहे, तिनेच सांगायला परवानगी दिली आहे.

ही काकी डिचोली तालुक्यातल्या आपल्या सत्संगातली. सत्तरी ओलांडलेली, साखरेच्या गोळ्या चालू. गेल्या आषाढी एकादशीला तिने सकाळी नेहमीची गोळी घेतली आणि उपास धरला निर्जळी. गोळीसाठी घोटभर पाणी प्यायली, त्याचंही तिला मनातून वाईट वाटत होतं. दुपारी भजनात टाळी वाजवता वाजवता दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि बसल्या जागी आडवी झाली. मुलाने 108 बोलावली.

इस्पितळात तरुण डॉक्टर होते, बाहेरच्या राज्यातले. बोट टोचून साखर बघितली तर एकदम खाली. सलाईनमधून ग्लुकोज दिलं, काकीने डोळे उघडले. काय होतंय विचारलं तर म्हणाली, "जिवाक बरें दिसना." डॉक्टरांनी त्यातलं 'दिसना' तेवढं पकडलं आणि डोळ्यांवर बॅटरी मारून बघायला लागले! आता हसू येतं, तेव्हा कोणाला येत नव्हतं. मग त्यांनी हिंदीत विचारलं, सकाळपासून काही खाल्लं का? काकी तोंड उघडायच्या आत मुलगा बोलला, "हो हो, खाल्लंय." डॉक्टरांना वाटलं, खाऊनसुद्धा साखर एवढी उतरते म्हणजे गोळीच जास्त होतेय. ते गोळी कमी करायचं लिहायला बसले.

तिथे एक सिस्टर होती, पेडण्याची. तिने काकीच्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, "आयज एकादस न्ही गो आये? सकाळसून कितें पोटांत गेलां?" काकीला रडू फुटलं. "कांय ना गो बाये."

बंधू-भगिनींनो, या दोन वाक्यांनी उपचार बदलला. गोळीचा दोष नव्हता, रिकाम्या पोटी घेतली हा दोष होता. गोळी कायमची कमी केली असती तर रोजच्या जेवणावर साखर वर गेली असती आणि मग सगळे म्हणाले असते, डॉक्टर बरोबर नाहीत.

काकीने का लपवलं? आम्ही तिला हेच विचारलं. काही वर्षांमागे एका डॉक्टरांनी चार माणसांसमोर तिला सुनावलं होतं की हे उपास-बिपास वेडेपणा आहे, बंद करा. त्या दिवशी तिने ठरवलं, दोतोराला देवाचं काही सांगायचं नाही. मुलगा खोटं बोलला तो भीतीने. आईकडे लक्ष देत नाही असं कोणी म्हणेल म्हणून. तिघांपैकी वाईट कोणीच नाही, पण काकी मात्र मरता मरता वाचली.

चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत. वैद्य, औषध, सेवा करणारा आणि स्वतः रोगी. प्रत्येकाचे चार-चार गुण. वैद्य मुख्य खरा, पण रोगी हाही एक पाय आहे, ओझं नव्हे. त्याचे गुण कोणते? झालेलं आठवणं, सांगितलेलं पाळणं, न घाबरणं, आणि चौथा ज्ञापकत्व, म्हणजे आपल्याला काय होतंय ते नीट कळवता येणं. आम्हाला हा चौथा सगळ्यांत जड वाटतो. सेवा करणाऱ्याच्या गुणांत रोग्याविषयी प्रेम आहे, कौशल्य आहे, स्वच्छता आहे. रोग्याच्या वतीने उत्तरं देणं त्यात कुठे नाही, मुलांनी आणि सुनांनी हे लक्षात घ्यावं! वैद्याकडूनही त्याच ग्रंथात मैत्री आणि पीडितावर करुणा मागितली आहे. चार माणसांसमोर सुनावणं त्यात कसं बसणार?

आता थोडं कडू. आपल्याच काही घरांत बोलतात, सद्गुरू आहेत ना, गोळ्या कशाला? सद्गुरू स्वतः रोज सकाळी चहाच्या आधी रक्तदाबाची गोळी घेतात, जवळच्या सगळ्यांना माहीत आहे. गोळी सोडा असं त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आणि आमचीही चूक इथे कबूल करतो. मागे याच पत्रात साखरेवरचा एक काढा आम्ही पुढे पाठवला होता, कोणाला न विचारता. कितीजणांनी तो गोळीच्या जागी घेतला, देव जाणे. तो संदेश कोणाकडे असेल तर काढून टाका.

डॉक्टरांविषयी आपण किती लवकर मत बदलतो तेही बघा. 3 मे 2025 च्या पहाटे शिरगावात श्री लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. आपली माणसं तिथे होती, काही घरांचे धोंड होते. जखमींना म्हापशाला नेलं, बांबोळीला नेलं. त्या रात्री ज्यांनी हात लावले त्यांना आपण देवमाणसं म्हटलं, ग्रुपवर फुलं टाकली. पुढच्याच महिन्यात त्याच बांबोळीच्या कॅज्युअल्टीत एका वृद्ध बाईच्या इंजेक्शनवरून आरोग्यमंत्री कॅमेऱ्यासमोर डॉक्टरांवर रागावले. व्हिडिओ सगळीकडे फिरला, डॉक्टर एकत्र येऊन निषेधाला उभे राहिले, मंत्र्यांनी माफी मागितली. आपल्या ग्रुपवर दोन तट पडले. कोणाचं चुकलं ते ठरवणारे आम्ही नव्हे. पण एवढे संदेश आले, त्यांत ती वृद्ध बाई आता कशी आहे असं एकानेही विचारलं नाही. आम्हीसुद्धा नाही.

पेडण्याहून बांबोळीला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. रांग, केसपेपर, परत रांग. आणि डॉक्टरांसमोर मिळतात चार-पाच मिनिटं. त्यांच्याही पाठीमागे दाराबाहेर पन्नास माणसं उभी असतात. ती मिनिटं आपण "तसं बरं आहे" म्हणण्यात घालवतो आणि बाहेर आल्यावर रिक्षावाल्याला सगळं सविस्तर सांगतो.

काकी बरी होऊन सद्गुरूंच्या दर्शनाला गेली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, दोतोराला एकादशीचं सांगितलंस का? मग ती जवळच्या आरोग्य केंद्रात गेली. मुलाला बाहेर बाकावर बसवलं आणि स्वतः बोलली. महिन्याला दोन एकादश्या, नवरात्र, श्रावणी सोमवार, सगळं. तिथल्या डॉक्टरबाई हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. त्यांनी कॅलेंडर काढलं. उपासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची ते वेगळं लिहून दिलं, निर्जळी नको म्हणाल्या, मधे फळं, दूध सांगितलं, घाम-थरथर वाटली तर लगेच साखर तोंडात टाकायची आणि उपास तिथेच सोडायचा. काकीने सगळं मान्य केलं. त्यानंतरच्या एकादश्या ठीक गेल्या. (ही सोय तिच्या गोळीपुरती आहे. तुमची गोळी वेगळी असेल, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा.)

पेडण्याची ती सिस्टर आपल्या परिवारातली नाही, पण आम्ही विनंती केली आणि ती तयार झाली. येत्या गुरुवारी आरतीनंतर ती तासभर बसणार आहे. औषध देणार नाही, बदलणार नाही. तुमच्याकडून तुमचा कागद लिहून घेणार: कोणत्या गोळ्या, कधीपासून, कोणते उपास, घरचे काढे कोणते, काय लपवलेलं आहे. पुढच्या वेळी तो कागद डॉक्टरांसमोर ठेवायचा. गोळ्यांची पाकिटं रिकामी असली तरी घेऊन या. चष्मा विसरू नका.

जय सद्गुरू 🙏