बागेचा नकाशा

वैशाखाचे दिवस हे बागवानाचे विचार करण्याचे दिवस होत. या दिवसांत जमिनींत नवें कांहीं उगवत नाहीं, आणि उगवावें अशी अपेक्षाहि कोणी करीत नाहीं. आहेत तीं झाडें पाणी घालून जगवावीं, एवढेंच हातीं असतें. म्हणून मृग नक्षत्राला पंधरा दिवस उरले कीं मी एक मोठा कागद पुढें घेऊन बसतों आणि पुढील वर्षाच्या बागेचा नकाशा काढतों.

या उद्योगांत एक निराळेंच सुख आहे. यंदा जेथें वांगीं होतीं तेथें पुढील वर्षीं टोमॅटो किंवा मिरची लावावयाची नाहीं. कारण हीं तिन्ही एकाच कुळांतलीं, आणि एकाच्या मुळांस लागलेला रोग जमिनींत दबा धरून दुसऱ्याची वाट पाहत बसतो. त्या जागीं चवळी किंवा घेवडा टाकावा, म्हणजे त्यांच्या मुळांवरील गांठींतले जंतू हवेंतील नत्र जमिनीच्या स्वाधीन करतात. मुळांना सूत्रकृमींचा उपद्रव दिसला तर मध्यें झेंडूची एक ओळ. कागदावर हें सारें अगदीं नीट बसतें, कारण कागदावरचीं झाडें तक्रार करीत नाहींत.

यंदा मात्र एका जागीं पेन्सिल अडली. आमच्या परसाच्या दक्षिणेस आंब्याचें एक झाड आहे. माझ्या वडिलांनीं तें कोय पुरून वाढविलें, त्याला साठ वर्षें होऊन गेलीं. फळ रायवळ, लोणच्याला बरें, खाण्याला आंबट. पुण्यास मे महिन्याच्या मध्यास सूर्य ऐन डोक्यावर येतो, तेव्हां झाडाची सावली त्याच्या बुंध्याशींच राहते. पण मार्गशीर्षांत सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि भर मध्यान्हींहि सावली झाडाच्या उंचीएवढी उत्तरेकडे लांबते. भाजीचे वाफे नेमके तेथेंच आहेत. त्यामुळें मेथी नुसती उंच होऊन पिवळी पडते आणि मुळ्याला पाल्याशिवाय कांहीं येत नाहीं. तेव्हां मीं नकाशांतील त्या झाडावर एक बारीकशी फुली मारली.

फुली मारणें सोपें, झाड तोडणें तितकें सोपें नाहीं. महाराष्ट्रांतील शहरांना लागू असलेल्या १९७५ च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्यानें स्वतःच्या अंगणांतलें झाड तोडण्यासहि परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडांना वारसावृक्षाचा मान दिला आहे. झाड माझ्या जमिनींत उभें असलें तरी तें सर्वस्वीं माझें नव्हे, एवढें कायद्यानें मान्य केलें आहे. पण परवानगी मिळेल कीं नाहीं हा एक प्रश्न, आणि ती मागावी कीं नाहीं हा दुसरा. पहिल्याचें उत्तर कचेरींत मिळतें. दुसऱ्याचें आपलें आपल्यालाच शोधावें लागतें.

वडिलांच्या हातचें झाड आहे, तें कसें तोडावें, हें पहिलें उत्तर मनांत आलें. परंतु तें फार वेळ टिकलें नाहीं. आज जेथें आंबा आहे तेथें पूर्वीं कवठ होतें, आणि तें माझ्या आजोबांनीं लाविलेलें होतें. वडिलांनीं तें तोडविलें त्या दिवशीं आजी जेवली नाहीं, असें घरांत सांगत. झाड राखणें हीच पितृभक्ति असेल तर माझ्या वडिलांपाशीं ती नव्हती असें म्हणावें लागेल, आणि तें खरें नाहीं. शिवाय बाग म्हणजेच निवड. दहा रोपें उगवलीं तर आठ उपटावीं लागतात. वराहमिहिरानेंहि ‘बृहत्संहिते’त दोन झाडांमध्यें वीस हातांचें अंतर उत्तम, सोळांचें मध्यम आणि निदान बारा हात तरी असावें असें सांगून ठेवलें आहे. दाटी झाली कीं कोणाला तरी जावें लागतें, हें प्राचीनांनाहि ठाऊक होतें.

मग मेथीचें रोप उपटतांना जें मनाला लागत नाहीं, तें आंब्याच्या बाबतींत कां लागावें? मला वाटतें, भेद जीवाचा नाहीं, काळाचा आहे. उपटलेली मेथी महिन्याभरांत पुन्हा येते. साठ वर्षें मात्र मला कोणत्याहि किंमतीस परत आणतां येणार नाहींत. आपल्या भाषेंत हा विचार फार जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रां’त आरमाराला लांकूड कसें मिळवावें तें सांगितलें आहे. आंबा आणि फणस हीं झाडेंहि गलबतांच्या कामाचीं खरीं. पण रयतेच्या या झाडांना हात लावूं नये, कारण तीं वर्ष दोन वर्षांत होत नाहींत, लोकांनीं तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात, असा तेथें दंडक आहे. एखादें झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालें असेल तरच धन्याला राजी करून व मोल देऊन तें तोडावें. जें पुन्हा भरून येत नाहीं तें घेण्यास कारणहि तसेंच मोठें हवें. तेथें राज्याच्या आरमाराची गरज होती. माझी गरज मेथीची होती.

तरीहि मेथीची गरज अगदींच क्षुल्लक नव्हे, असें मीं मनाशीं म्हटलें. नातवंडांनीं भाजी उगवतांना पाहावी, या इच्छेंत वाईट काय आहे? मी असा घुटमळत असतां आमच्या सौभाग्यवतींनीं नकाशा हातीं घेतला, क्षणभर पाहिला आणि विचारलें, “अहो, यांत मोटार कुठें हलत नाहीं वाटतें?”

आमच्या घराच्या पूर्वेस शहाबादी फरशीचा एक मोठा तुकडा आहे. सकाळपासून दुपारीं तीनपर्यंत त्यावर लख्ख ऊन असतें. तेथें मोटार उभी असते, आणि ती आठवड्यांतून एकदां बाहेर पडते. नकाशांत सगळी बाग मीं पेन्सिलीनें काढली होती. ती जागा तेवढी शाईनें.

हा प्रश्न ऐकल्यापासून मला या गोष्टीचा विचार करावासा वाटूं लागला. योजना करणारा बहुधा स्वतःला योजनेंतून वगळतो, आणि तसें केल्याचें त्याला कळतहि नाहीं. १९२१ सालीं मुळशीच्या मावळ्यांनीं धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्यांच्या जमिनी बुडणार होत्या, आणि त्या पाण्याची वीज मुंबईस जाणार होती. नकाशा काढणाऱ्याचें घर त्या खोऱ्यांत नव्हतें. परसबागेला एवढ्या मोठ्या गोष्टीची उपमा देणें कोणाला हास्यास्पद वाटेल. पण मनाची संवय लहान जागींच लागते. कोणी हलावें हें ठरवितांना स्वतःचें नांव यादींत घातलें होतें काय, एवढें तरी प्रत्येक योजकानें आधीं स्वतःस विचारावें.

झाडें कधींच तोडूं नयेत असा नियम मी यांतून काढीत नाहीं. उद्यां हा आंबा पोखरून घरावर कलला तर मी परवानगीचा अर्ज करीन, आणि त्या दिवशीं कदाचित् मलाहि जेवण जाणार नाहीं. तूर्त मात्र फुली खोडली आहे. फरशी निघाली, मोटार रस्त्यावर गेली, आणि ती धुळीनें भरते म्हणून रोज माझी कुरकुर चालते. फरशीखालची माती मेल्यासारखी कठीण निघाली. तींत आंब्याच्याच पाल्याचें खत मिसळावें लागेल; पावसाळ्यांत ताग पेरून तो फुलण्यापूर्वीं गाडावा लागेल. मग मार्गशीर्षांत मेथी येईल. न आली तर मंडईंत मिळते.