गळ, पीस आणि जिवंत धरणें

धरून सोडून दिलेला मासा व धरून खाल्लेला मासा, यांपैकीं कोणावर अधिक दया झाली, असा प्रश्न गेल्या हिवाळ्यांत आमच्या मंडळीच्या मुलांनीं मला विचारिला. प्रश्न पोरकट दिसतो, पण तसा नाहीं.

प्रसंग असा. आमच्या गांवच्या तळ्यांत सायप्रिनस मासा पुष्कळ आहे. हा मूळचा येथील नव्हे; 1939 मध्यें लंकेहून निलगिरींत व 1957 मध्यें बँकॉकहून त्याच्या जाती आणिल्या, आणि आतां तो रोहू-कटल्याच्या जोडीनें गांवोगांवच्या तळ्यांत सोडितात. मच्छीमार संस्थेची परवानगी घेऊन शहरांतील एक गृहस्थ तेथें आले. त्यांच्या गळाला ना गांडूळ, ना कणकेची गोळी. बारीक आंकड्यावर दोरा व पीस गुंडाळून किडा बनविलेला होता. पिसाला वजन नसतें, म्हणून दोरीच जड घेऊन ती चाबकाप्रमाणें मागेंपुढें झुलवून फेंकितात. हें कसब पाहण्यासारखें आहे, हें मी कबूल करितों; तासभर उभा राहिलों. सायप्रिनसाचे दांत जबड्यांत नसून घशांत असतात. तोंडापाशीं चार मिशा असतात. तो खाद्य ओढून घेतो, चाखतो, आणि खाण्याजोगें नसेल तें क्षणांत थुंकून टाकितो. त्या क्षणांत दोरीला झटका दिला तरच तो लागतो. गृहस्थांनीं एक मोठा मासा काढिला, त्याचें छायाचित्र घेतलें, आणि हळूच परत पाण्यांत सोडिला. जवळच जाळें धूत बसलेला एक म्हातारा भोई मला म्हणाला, “पाळकसाहेब, सोडायचाच व्हता, तर धरला कशापायी?”

मुलें म्हणालीं, गृहस्थ दयाळू. मलाही प्रथम तसेंच वाटलें. परंतु म्हाताऱ्याचा प्रश्न मनांतून जाईना. केवळ सोडून देण्याच्या हेतूनें मासा धरणें स्वित्झर्लंड देशानें आपल्या 2008 च्या प्राणिरक्षणाच्या नियमांत मना केलें आहे. म्हणजे भोयाचा प्रश्न एका सबंध देशानेंही विचारिला. 2003 मध्यें स्कॉटलंडांतील शास्त्रज्ञांनीं ट्राउट माशाच्या तोंडाभोंवतीं इजा जाणणारे मज्जातंतू असल्याचें दाखविलें. त्याला आपल्यासारखी वेदना होते कीं काय, हा वाद अजून चालला आहे. भोई मासा मारितो हें खरें, पण तो मासा त्याच्या लेकरांच्या ताटांत जातो. प्रभूनेंही पुनरुत्थानानंतर निखाऱ्यांवरील मासळी शिष्यांस जेवूं घातली. भुकेसाठीं जीव घेणें व करमणुकीसाठीं जीव गळाला टांगणें, यांत माझ्या मतें दुसऱ्याचाच जाब देणें अधिक कठीण. इंग्लंडांतील भाविक ग्रंथकार आयझॅक वॉल्टन, ज्यांनीं 1653 मध्यें गळाच्या मासेमारीवर प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, ते कदाचित् मजशीं वाद घालते. पण त्यांच्या ग्रंथांत मासा शिजविण्याच्या कृतीही आहेत, हें विसरूं नये.

मला अधिक टोंचतें तें पीस. गांडूळ लाविलें तरी फसवणूक असतेच, पण गांडूळ निदान अन्न असतें. पिसांत कांहींच नाहीं. माशाला फसविणें म्हणजे लबाडी, असें मी म्हणत नाहीं. पेत्रानेंही प्रभूच्या आज्ञेनें एकदां गळ टाकिला होता, आणि माशाला आपण कोणतें वचन दिलेलें नसतें. परंतु आपण सुवार्तिक स्वतःस मनुष्यें धरणारे म्हणवितों. लूकाच्या पांचव्या अध्यायांत जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ जिवंत धरणें असा आहे, आणि त्या दिवशीं सरोवरावर गळ नव्हता, जाळें होतें. जाळ्याला आमिष लागत नाहीं. उलट याकोब मोहाविषयीं लिहितो तेव्हां तो आमिष दाखविण्याचाच शब्द वापरतो.

1899–1900 च्या दुष्काळांत मिशनांनीं धान्य वाटिलें, आणि आमच्या आजे-पणज्यांस पोटासाठीं बाटलेले म्हणून हिणविलें गेलें. हा टोमणा मला मान्य नाहीं. उपाशी माणसाला दिलेली भाकरी भाकरीच असते, तिच्या आंत आंकडा नसेल तर. आंकडा होता कीं नव्हता, हें देणाऱ्याच्या अंतःकरणासच ठाऊक.

माझ्या हातांत एकदां आंकडा होता. सेमिनरींतून नुकताच बाहेर पडलों होतों. एका कुटुंबास मीं सांगितलें कीं, प्रार्थनेस नेमानें या, मुलाला बोर्डिंगांत जागा मिळेल. तें देणें माझ्या हातीं नव्हतें, आणि हें मला ठाऊक होतें. दोन वर्षें तें घर एकही रविवार चुकलें नाहीं. मीं बाप्तिस्म्याच्या यादींत नांवें घातलीं, अहवालांत संख्या लिहिली. जागा मिळाली नाहीं. तें कुटुंब पुन्हा मंदिराची पायरी चढलें नाहीं, आणि मी कित्येक वर्षें त्यांच्या अविश्वासाबद्दल उपदेशांत बोलत राहिलों.

तळ्यावरून परतल्यावर त्याच आठवड्यांत मी त्या घरीं गेलों. मुलगा आतां कर्ता पुरुष झाला आहे, वीटभट्टीवर जातो. बापानें मला खाटेवर बसविलें, पाणी दिलें, पाऊसपाण्याच्या गोष्टी काढिल्या. बोर्डिंगचा एक शब्दही त्यानें उच्चारिला नाहीं. मीं उच्चारिला.