आठवण कोणाची, काम कोणाचे?

कतारगामच्या कारखान्यांत हिरे कागदाच्या पुडीतून हातोहात फिरतात. पुडीवर नग आणि वजन लिहिलेले असते. ते कारागिराने डोक्यात ठेवावे, असे कोणताही शेठ म्हणणार नाही. पण एखाद्या कारागिराच्या मुलासाठी भिंतीवर कामांची यादी लावली, की शेजारी म्हणतात, 'फार लाडावलाय!'

अवधान टिकत नाही, वेळेचा अंदाज चुकतो, काम सुरू करणेच जमत नाही. ही अडचण बुद्धीची नव्हे, मेंदूच्या कारभाराची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता आहेत. अवधानाच्या या अडचणीला तिथे वेगळे नाव नाही. त्यामुळे पुष्कळसा भार घरावरच येतो.

मग दुसऱ्याने आठवण दिलेल्या कामाचे श्रेय कोणाचे? माझ्या मते करणाऱ्याचेच. मोठ्यांशी झालेले बोलणेच पुढे मुलाचे मनातले बोलणे होते, असे वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३४ च्या ग्रंथात मांडले. आपणही असेच उसन्या आवाजावर शहाणे झालो, फक्त विसरलो!

खरी गोम यादी कोण लिहितो, यात आहे. रोज आईनेच लिहिली तर ती मुकादमी झाली. 'आधी काय करशील?' एवढेच विचारावे. मराठीत लिहायचे की गुजरातीत, तेही त्यानेच ठरवावे. लिहिलेलेही तो विसरेल. पुन्हा विचारावे.