गव्हाण

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उमापूरला गेलो होतो. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातलं, शेवगावच्या अंगाचं हे गाव. दिवाळी उरकली की या पट्ट्यातली कितीतरी घरं अर्धी रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे कोयते जमवून मुकादम टोळी करतो, उचल आधीच घेतलेली असते. ट्रकमध्ये भांडीकुंडी आणि तान्ही पोरं घालून माणसं ऊसतोडीसाठी साखर कारखान्याची वाट धरतात. मागे उरतात म्हातारे आणि शाळेत जाणारी नातवंडं.

मी बसलो होतो त्या ओसरीवर आजी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. दुसरीतली नात शाळेतून आली ती डोक्यावर लाल कागदाची टोपी घालूनच. टोपीच्या टोकाला कापसाचा गोळा चिकटवलेला. शाळेत सांताक्लॉज येऊन गेला होता. त्याने प्रत्येकाला एकेक गोळी दिली आणि सांगितलं, की मी रात्री धुराड्यातून घरात उतरतो आणि पोरांसाठी खाऊ ठेवून जातो. नातीने मान वर करून पत्रे न्याहाळले.

"आजी, आपल्या घराला धुराडं कुठंय?"

आजींनी मान वर केली नाही. "धुराडं कारखान्याला असतंय."

नात जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तो आईकडंच जाईल की."

आजींचा हात शेंगांवर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

त्याच्या आदल्याच आठवड्यात पुण्याच्या एका वाचक भगिनीने विचारलं होतं, "मुलगा पाच वर्षांचा आहे. सांता खरा आहे असं त्याला सांगावं का? घरात नाताळची थोडी जादू हवी असं वाटतं, पण खोटं बोलायला जीव धजत नाही." प्रश्न मला आवडला. त्याचं उत्तर मात्र त्या ओसरीवर मिळालं, म्हणून आज ते लिहितो आहे.

धुराड्यातून उतरणारा हा म्हातारा तसा अलीकडचा. संत निकोलस जुने, मायरा गावचे बिशप; पण धुराड्यातून येणारं त्यांचं रूप घरोघरी पोचवलं ते 1823 साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात छापलेल्या एका कवितेने. 1863 पासून थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने त्याला आजचं गुबगुबीत अंग दिलं. 1897 मध्ये आठ वर्षांच्या एका मुलीने न्यूयॉर्कच्या 'द सन' या दैनिकाला पत्र पाठवून तो खरंच आहे का असं विचारलं, आणि दैनिकाने अग्रलेखाच्या पानावर 'आहे' असं उत्तर दिलं. ते उत्तर जगभर नावाजलं गेलं. मला ते कधीच पुरतं पटलेलं नाही. मुलीने सरळ प्रश्न विचारला होता, आणि मोठ्यांनी तिला सुंदर भाषेत वळसा घातला.

सांताच्या गोष्टीत मुलाला काम काय, तर झोपायचं आणि सकाळी उठून घ्यायचं. शिवाय चांगल्या मुलांनाच खाऊ, असा तिचा नियम. मग ज्याच्या उशाशी सकाळी काहीच नसतं, त्या पोराने स्वतःबद्दल काय समजायचं? पत्र्याखाली झोपणाऱ्या मुलांच्या वर्गात ही गोष्ट सांगताना मास्तरांनी एवढा तरी विचार करावा.

आजींनी मला विचारलं, "पण सण कशाचा हाय हो हा?"

मग मी जी मूळ गोष्ट आहे ती सांगितली. रोमच्या बादशहाने शिरगणतीचा हुकूम काढला, ज्याने त्याने आपल्या मूळ गावी जाऊन नाव लिहवायचं. योसेफ सुतार नासरेथहून बेथलेहेमला निघाला, बरोबर दिवस भरत आलेली मरिया. तिथं पोचले तर उतारशाळेत जागा नाही. बाळ घरापासून दूर जन्मलं. आईने त्याला कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं.

"गव्हाणीत?" आजी म्हणाल्या. "मंग आमचाच म्हणायचा की." त्यांचा धाकटा मुलगा फडावरच्या कोपीत जन्मलेला. पाचटावर धडपी अंथरली होती, एवढंच त्यांनी सांगितलं.

मराठी बायबलातला हा शब्द भाषांतर करणाऱ्यांना आयता मिळाला, कारण तो इथल्या प्रत्येक गोठ्यात होता. बीडच्या माणसाला त्याचा दुसरा अर्थही पाठ आहे. साखर कारखान्यात ऊस जिथून आत जातो ती जागाही गव्हाणच. दरवर्षी गव्हाणीची पूजा होते, पुढारी तिच्यात मोळी टाकतात, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि हंगाम सुरू होतो. ज्या गव्हाणीत पहिली मोळी पडली की उमापूरच्या मुलांचे आईबाप पाच महिन्यांसाठी दिसेनासे होतात, त्याच शब्दात बाळ ख्रिस्त निजलेला आहे.

1223 च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरं गवत, खरा बैल आणि गाढव आणून ती गव्हाण उभी केली. आज वसईत पोरं भाताचा पेंढा गोळा करून नाताळचा गोठा मांडतात, तो याच रिवाजातला. उमापूरच्या मुलांना तर पेंढाही शोधावा लागणार नाही. बैल दारात आहे, कडबा आहे, आणि थंडीत रानात मेंढ्या बसवून राखणारे धनगर आहेत. त्या बाळाच्या जन्माची बातमीही त्या रात्री पहिल्यांदा मेंढपाळांनाच कळली होती.

नाताळ आपल्याकडे परका आहे असंही नाही. शेजारच्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं 1831 सालचं. फुलामुलांचे कवी म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते रेव्हरंड टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ख्रिस्तभक्तीला अभंग आणि कीर्तन दिलं. माझ्या लहानपणी शेजारच्या ख्रिस्ती मावशींकडून नाताळला विणलेल्या रुमालाखाली झाकलेलं ताट यायचं. करंज्या, शंकरपाळी, चकली. म्हणजे आमच्याच दिवाळीचं धाकटं भावंड. ताट घेऊन यायचा त्यांचा सहा-सात वर्षांचा मुलगा. दोन्ही हातांनी धरलेलं, जीभ दातात, नजर करंज्यांवर. आई ताट रिकामं परत करत नसे; निदान मूठभर साखर तरी त्यात पडे. त्या मुलाला सण म्हणजे काय हे कुणी समजावलं नसेल. पाच घरांची ताटं न सांडता पोचवायची जबाबदारी मात्र त्याच्यावर होती, आणि त्या दिवशी तो गल्लीतला सगळ्यात मोठा माणूस असे.

उमापूरच्या त्या घरातही असा एक रिवाज आहे. ओसरीच्या भिंतीवर चुन्याच्या रेघा दिसल्या म्हणून मी विचारलं. आईबाप निघाले त्या दिवशी आजींनी एकवीस रेघा ओढल्या, गुढीपाडव्यापर्यंतच्या. दर आठवडी बाजाराच्या दिवशी नात ओलं फडकं घेते आणि एक रेघ पुसते. पुसायचं काम तिचंच. आजी हात लावत नाहीत. मग त्या दिवशी बाजारातून आणलेली भेळ रेघ पुसल्यावरच सुटते. जर्मनीत पूर्वी नाताळच्या आधी दारावर खडूच्या चोवीस रेघा ओढत आणि मुलं रोज एक पुसत; पुढे त्याचंच खिडक्या-खिडक्यांचं, चॉकलेट भरलेलं कॅलेंडर झालं. आजींनी हे ऐकलेलं असण्याचं कारण नाही.

"आणि कारखाना लांबला तर?" मी हळूच विचारलं.

"गेल्या साली लांबला. मी तिला बसवलं, म्हणलं दोन रेघा वाढवाव्या लागतील. लई रडली. पण तिच्याच हातानं ओढून घेतल्या." मग शेंगांची टरफलं सुपात गोळा करत म्हणाल्या, "चोरून ओढल्या असत्या तर पुढच्या साली भिंतीवर इश्वास ठेवला नसता तिनं."

पुण्याच्या भगिनींना माझं एवढंच सांगणं आहे. मुलगा विचारेल तेव्हा सांता ही गोष्ट आहे असं सांगा. गोष्टी मुलांना आवडतात, त्या खऱ्या असाव्या लागत नाहीत. त्याच्या हातात एखादं ताट द्या आणि चार घरं दाखवा. तुमच्या इमारतीत रखवालदाराचं, बांधकामावरच्या कुटुंबाचं घर असेल, तर पहिलं ताट तिकडे जाऊ द्या. आणि जे दरवर्षी करणार असाल तेवढंच सुरू करा.

मी निघालो तेव्हा नात टोपी काढून तिच्यात तुरीचे दाणे भरत होती. भिंतीवर तेव्हा तेरा रेघा होत्या. नाताळच्या दिवशी फोन केला, तर बारा.